साखरपुड्यासाठी काजू कतली: आधी अर्धा किलो आणून बघितली

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. अंगणात काजूबिया वाळत घातलेल्या बघतच मोठी झाले, त्यामुळे काजू जुना असला की पहिल्या घासालाच कळतं, मागे एक खवट चव रेंगाळते आणि ती साखरेने काही लपत नाही. दिवाळीत एका दुकानातून आणलेल्या कतलीचं तेच झालं, वरून वेलचीचा मारा केलेला, आणि घरी येऊन रिकामा खोका काट्यावर ठेवला तर 70 ग्रॅम! किलोला हजार रुपये भाव, म्हणजे सत्तर रुपये पुठ्ठ्याचेच गेले. फार राग आला, कारण मिठाई खोक्याशिवाय तोलायची असा नियमच आहे.

आता भाचीच्या साखरपुड्याला पाच किलो लागणार होती, म्हणून स्टेशनजवळच्या छोट्या दुकानातून आधी अर्धा किलोच आणली. दुकानदार काकांना म्हटलं खोक्याचं वजन धरू नका हं, तर म्हणाले, "ताई, बघा ना, खोका ठेवून काटा शून्य केलाय, आता भरतो." तिथेच निम्मं मन भरलं. ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख पण लावलेली होती, 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईला ती सक्तीची केली होती, पण लावतात किती जण?

कतलीबद्दल सांगते. रंग दुधट, किंचित पिवळसर, पांढरीफेक नाही. बोटांनी दाबली तर मऊ लागते पण बोटाला तूप लागत नाही, आणि मोडली की कड स्वच्छ तुटते, भुगा होत नाही. काजू मिक्सरला एकसारखा फिरवत राहिलं की तेल सुटतं आणि मग कतली तेलकट होते, थांबत थांबत फिरवावा लागतो. पाक पुढे गेला तर रवाळ, कच्चा राहिला तर दाताला चिकटते. इथे दोन्ही नीट जमलंय. आणि चव काजूची, म्हणजे खाऊन झाल्यावर तोंडात काजूच राहतो, साखर नाही. शेंगदाणा किंवा मैदा मिसळल्याची शंका सुद्धा आली नाही.

त्यांच्याकडे 'जंबो काजू स्पेशल' म्हणून वेगळी महाग कतली पण आहे, ती घेऊ नका असं मी म्हणेन. काजूचा नंबर म्हणजे एका पाउंडात किती गर बसतात ते, 320 म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये 300 ते 320 गर, 180 म्हणजे त्याहून खूप मोठे. ते मोठे गर वाटीत ठेवून खायला छान, पण पूडच करायची तर ताजा तुकडा काजू तितकाच चांगला लागतो, जास्तीचे पैसे कशाला.

वर्ख मात्र कमी पडला, अर्धा कागदालाच चिकटून राहिला होता. साखरपुड्याच्या ताटात तसं बरं दिसत नाही, म्हणून काकांना सांगितलं तर म्हणाले पाच किलोला थरांमध्ये बटर पेपर घालून देतो.

घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होते, आम्ही डब्यात बाहेरच ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पण तशीच मऊ होती. सासूबाईंचे दात हलतात, त्यांनी सुद्धा आरामात खाल्ली. ऑर्डर देऊन आलेय, बिनवर्खाची एक किलो वेगळी सांगितलीय त्यांच्यासाठी.