अडीच, तीन की साडेतीन? पिकलबॉलमधली आपली पायरी ओळखताना

गेल्या महिन्यात आमच्या सकाळच्या पिकलबॉल ग्रुपवर (छोट्या कोर्टवर पॅडलनं, भोकं असलेल्या प्लास्टिकच्या चेंडूनं खेळायचा खेळ) एका स्पर्धेचा अर्ज आला. नाव, वय, जोडीदाराचं नाव आणि शेवटी एक रकाना : लेव्हल. पहिले तीन रकाने दोन मिनिटांत भरून झाले. चौथ्यावर तीन दिवस काथ्याकूट चालला. एक जण छातीठोकपणे म्हणाला, "भावा, मी साडेतीनचा हाय." त्याला आदल्याच दिवशी ११-३ नं लोळवणारे बँकेतले काका मात्र म्हणत होते, "मी आपला तीन लिहितो. कशाला उगाच?"

दोघंही चुकत होते, फक्त उलट्या दिशेनं. अशाच पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी आकड्यांचं बघू. अमेरिकेत रुजलेली श्रेणीपद्धत १.० पासून ५.५ आणि त्यापुढे जाते, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यानं. बरं झालं, आपल्या भाषेत अडीच आणि साडेतीन असे नेटके शब्द तयारच आहेत. शिवाय डूपर नावाची दुसरी पद्धत आहे. ती खेळलेल्या सामन्यांवरून २.००० ते ८.००० असा तीन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा काढते. आपल्याकडे हौसेनं खेळणारे बहुतेक जण अडीच ते साडेतीनच्या मध्येच सापडतात. म्हणून मी मुक्काम तिथंच ठेवतो.

पायऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या तर एकच चेंडू घ्यावा आणि तो चार जणांना खेळायला द्यावा. तो चेंडू म्हणजे तिसरा फटका. पिकलबॉलमध्ये सर्व्हिसही टप्पा पडू देऊन घ्यायची असते आणि रिटर्नही. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागं अडकते, आणि रिटर्न मारणारी जोडी तोवर पुढं येऊन किचनच्या रेषेवर ठाण मांडते. किचन म्हणजे जाळ्यालगतचा सात फुटांचा पट्टा, जिथं उभं राहून चेंडू अधांतरी मारता येत नाही. आता समजा, रिटर्न खोल आलाय, समोरचे दोघं रेषेवर पॅडल रोखून उभे आहेत आणि चेंडू तुमच्याकडं येतोय.

अडीचवाला चेंडू परत गेला यातच खूश असतो. मारतो, आणि मारून तिथंच उभा राहतो. पुढं जायचं असतं हे त्याला माहीत असतं, पण पायांना अजून माहीत नसतं. सर्व्हिसआधी 'शून्य-शून्य-दोन' असे गुण पुकारताना तो अजून जोडीदाराकडं बघतो. यात कमीपणा काही नाही. महिना-दोन महिने नियमित खेळणारे बरेच जण इथंच असतात आणि खेळातली खरी मजा इथंच सर्वांत जास्त असते.

तीनवाला तोच चेंडू जीव खाऊन हाणतो. मध्यम वेगाचा, कमरेएवढा, फोरहँडला आलेला चेंडू असेल तर त्याचा फटका बघण्यासारखा असतो. सर्व्हिस सहसा आत पडते, गुण बरोबर सांगता येतात, किचनच्या रेषेवर यायचं असतं हेही अंगवळणी पडलेलं असतं. पण पुढं येताना तो कोर्टाच्या मध्येच थांबतो आणि समोरचा नेमका त्याच्या पायाशी चेंडू टाकतो. कुठं मारायचं यापेक्षा किती जोरात मारायचं याचाच विचार डोक्यात असतो.

साडेतीनवाला चेंडू हळूच उचलून समोरच्यांच्या किचनमध्ये टाकायचा प्रयत्न करतो. यालाच थर्ड शॉट ड्रॉप म्हणतात. दर वेळी जमतोच असं नाही. पण तो टाकायचा म्हणून टाकलेला असतो, चुकून पडलेला नसतो. तो जोडीदाराबरोबर पुढं सरकतो, मधली फट उघडी सोडत नाही आणि डिंकचा, म्हणजे जाळ्याजवळून हळूच एकमेकांच्या किचनमध्ये चेंडू टाकत राहण्याचा, खेळ सुरू झाला की सहा-सात चेंडू धीर धरतो. आठव्याला धीर सुटतो, ही गोष्ट वेगळी.

चारवाल्याला ड्रॉप जमतोच, पण त्याची खरी ओळख ड्रॉप फसल्यावर पटते. चेंडू थोडा उंच राहिला हे हातातून सुटतानाच त्याला कळतं. तो पुढं धावत नाही. आहे तिथंच खाली वाकतो आणि आलेला जोराचा फटका नुसता दाबून परत किचनमध्ये बसवतो. त्याच्यापुढच्या साडेचार-पाचवाल्यांबद्दल मी लिहिणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्यानं महापुराबद्दल बोलणं होईल.

अर्ज भरताना खरी कुस्ती असते ती तीन आणि साडेतीनमध्ये. लोकांना वाटतं, फटका जोरकस झाला, बॅकहँड बसला, एखादा फिरकीचा सर्व्हिस जमला की पायरी वर गेली. माझ्या मते या दोघांतला फरक आवडत्या चेंडूवर दिसतच नाही. आवडता चेंडू दोघंही सारखाच मारतात. नावडता चेंडू आला की फरक उघडा पडतो : बॅकहँडला, गुडघ्याखाली, अंगावर. तीनवाला तिथं गुण देऊन टाकतो आणि "वारं होतं राव" म्हणतो. साडेतीनवाला तो चेंडू कसाबसा, बिनधोक परत घालतो आणि पुढच्याची वाट बघतो. स्वतःला तपासायचं असेल तर गेल्या आठवड्यातले आपले झकास फटके विसरा. आपण कोणत्या चेंडूंवर गुण दिले ते आठवा.

दुसऱ्या खेळातून आलेल्यांची फसगत ठरलेली. मी स्वतः बॅडमिंटनवाला. कोर्टाचं माप तेच, ४४ बाय २० फूट, म्हणून वाटलं की घरचंच मैदान. पण बॅडमिंटनचं जाळं मधोमध पाच फूट उंच, इथलं फक्त ३४ इंच आणि कडेला ३६. मनगट चालत होतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात चार जणांनी "तुम्ही तर साडेतीनचे" म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. प्रत्यक्षात स्मॅश मारून झोकात पुढं जायची सवय मला दर खेपेला किचनमध्ये नेत होती आणि तो फाऊल धरला जात होता. हात साडेतीनचा, पाय अडीचचे. टेनिसवाल्यांचं उलट : मागून तोफ, पण डिंक करायला लावा, पाच चेंडूंत कंटाळतात. टेबल टेनिसवाल्यांचे हात जाळ्याजवळ विजेसारखे चालतात, पण अंगावरून उंच लॉब गेला की नुसतं बघत बसतात. क्रिकेटवाल्यांबद्दल बोलत नाही. आमच्या ग्रुपमध्ये ते बहुसंख्य आहेत.

आता मोजायचं कसं? तीन वाटा आहेत.

पहिली, स्वतःच ठरवणं. फुकट, झटपट आणि सर्वांत फसवी. तरी तिला थोडी शिस्त लावता येते. मी वही घेऊन मोजलं. दहा सर्व्हिसपैकी किती आत, त्यातल्या किती कोर्टाच्या मागच्या भागात. दहा रिटर्नपैकी किती खोल. दहा ड्रॉपपैकी किती किचनमध्ये बसले. समोरच्यानं काही विशेष न करता आपणच दिलेले गुण एका ११ गुणांच्या गेममध्ये किती. माझा ढोबळ आडाखा असा : सर्व्हिस आणि रिटर्न दहापैकी नऊ वेळा आत असतील, ड्रॉप निम्मे बसत असतील आणि फुकट दिलेले गुण चारच्या आत असतील, तर साडेतीनचा विचार करावा. ड्रॉप दहात दोन बसत असेल तर बाकी काहीही असो, तीन लिहावं. हे आकडे कुठल्या नियमावलीतले नाहीत, माझ्या वहीतले आहेत. आणि मोजायचं ते सामन्यात. सरावात जोडीदार प्रेमानं चेंडू देत असताना सगळेच चारचे असतात.

मोजताना चेंडूही बघा. पावसाळ्यात आपण हॉलमध्ये खेळतो, तिथं सहसा २६ भोकांचा मऊ चेंडू असतो. एरवी उघड्यावर ४० भोकांचा कडक चेंडू आणि वर वारं. जुलैत हॉलमध्ये काढलेली श्रेणी घेऊन जानेवारीत उघड्या कोर्टवर स्पर्धेला उतरलात, तर अर्धी पायरी खाली घसरायची तयारी ठेवा.

दुसरी वाट जाणत्याच्या नजरेची. कोल्हापूरला ही वेगळी सांगायला नको. तालमीत पोरगं कितव्या जोडीला उभं करायचं हे वस्ताद ठरवतो. पोराला विचारत नाही, की बाबा रे, तू स्वतःला किती समजतोस. खासबागेच्या कुस्ती मैदानात चुकीची जोड लागली तर हसू होतं ते पोराचं नव्हे, वस्तादाचं. म्हणून तो नीट बघतो. पिकलबॉलमध्येही तुमच्यापेक्षा एक पायरी वरचा, तुमच्याशी जोडीनं आणि विरुद्धही खेळलेला माणूस तीन गेममध्ये बिनचूक सांगतो. अडचण एकच : आपल्याकडं तोंडावर खरं बोलायला लोक लाजतात, विशेषतः खेळानंतर मिसळ तुम्ही खिलवणार असाल तर. म्हणून "माझी लेव्हल किती?" असं विचारू नका. "माझ्याविरुद्ध गुण काढायचा तर चेंडू कुठं टाकाल?" असं विचारा. उत्तराला क्षणभरही वेळ लागला नाही, तर तुमची पायरी तुम्हाला कळली.

तिसरी वाट डूपरची. सामन्यांचे निकाल नोंदवले की कोणाशी खेळलात आणि निकाल काय लागला यावरून आकडा ठरतो. वय, लिंग यांचा हिशेब त्यात नाही, आणि एकेरी-दुहेरीचे आकडे वेगळे असतात. सामने नोंदवलेच नसतील तर आकड्याच्या जागी श्रेणी नाही असंच दिसतं. ही पद्धत भिडस्त नाही, हा तिचा गुण. पण चार सामन्यांवरचा आकडा म्हणजे चार घासांवरून जेवणाची परीक्षा. शिवाय आपला दहा जणांचा ग्रुप आपापसातच खेळून निकाल भरत राहिला, तर आकडा एवढंच सांगतो की त्या दहांत तुम्ही कुठं आहात. गल्लीतला पहिला नंबर पुण्या-मुंबईच्या कोर्टवर किती टिकतो, हे बाहेरच्यांशी खेळल्याशिवाय त्या आकड्यात उतरत नाही.

निवडायचं तर माझा कौल असा. सहा महिन्यांपेक्षा कमी खेळला असाल तर डूपरच्या नादाला लागू नका, वही आणि जाणत्याची नजर पुरे. बाहेरगावच्या स्पर्धा खेळणार असाल तर डूपर काढाच आणि त्यासाठी ग्रुपबाहेरचे सामने मुद्दाम शोधा. दोन पायऱ्यांच्या सीमेवर असाल, तर रोजच्या खेळाला वरच्या लोकांत घुसा आणि स्पर्धेला खालची पायरी लिहा. मात्र खालच्या पायरीवर सगळे गेम ११-२, ११-३ असे जिंकत असाल, तर पुढच्या वेळी वर सरका. करंडकासाठी मुद्दाम खाली राहणारे असतात, सगळे त्यांना ओळखून असतात आणि त्यांच्याशी खेळायला हळूहळू कोणी येत नाही.

उलटा अनुभव माझ्या गाठीला आहे. पहिल्या स्पर्धेत हरभऱ्याच्या झाडावरूनच साडेतीन लिहिलं. दोन गेम, ११-२ आणि ११-४. ते चार गुणही समोरच्यांनी जाळ्यात मारले म्हणून मिळाले. हरल्याचं काही नाही. पण त्या पाऊण तासात मला धड एक रॅली खेळायला मिळाली नाही, आणि जोडीदार गाडीत कागलपर्यंत एक शब्द बोलला नाही.

म्हणून या वेळी पंधरा दिवस वही भरली. ड्रॉप दहात तीन. फुकट दिलेले गुण सरासरी पाच. मुकाट्यानं 'तीन' लिहिलं. अर्ज पाठवण्याआधी सहज नियम वाचले. बऱ्याच स्पर्धांत असतं तसंच इथंही होतं : दुहेरीत जोडीतल्या वरच्या श्रेणीच्या खेळाडूप्रमाणे गट ठरणार. जोडीदाराला फोन लावला.

"तू काय लिहिलंस?"

"साडेतीन की. का ओ काका?"