मराठी दुव्यांसाठी सायबरशेफ: एक परीक्षण

मराठी विकिपीडियावरील ‘महाराष्ट्र’ या लेखाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वच्छ देवनागरीत दिसतो; तोच उचलून ईमेलमध्ये चिकटवला की बहुधा टक्केचिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची लांबलचक माळ तयार होते. वेबपत्त्यात थेट लिहिता येतील अशी चिन्हे मोजकीच आहेत. इतर प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीने बाइटांत फोडून, दर बाइटासाठी एक टक्केचिन्ह आणि दोन षोडशमान अंक (० ते ९ आणि A ते F यांपैकी) लिहावे लागतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या शब्दात १० चिन्हे भरतात आणि पत्त्यात तो ९० जागा व्यापतो.

आमच्या वाचनालयाच्या संदर्भसूचीत असे पुष्कळ दुवे आहेत आणि ते वाचनीय रूपात आणण्यासाठी मी सायबरशेफ हे मजकुराचे रूपांतर करणारे वेबसाधन वापरतो. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेने २०१६ मध्ये खुले केलेले हे साधन विनामूल्य आहे. सगळी प्रक्रिया आपल्याच ब्राउझरमध्ये होते आणि त्याची झिप फाइल उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही काम चालते. दुव्यांमध्ये अनेकदा ईमेल पत्ते किंवा लॉगिनच्या खुणा दडलेल्या असतात, म्हणून हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डावीकडच्या यादीतून ‘यूआरएल डिकोड’ हे ऑपरेशन ओढून रेसिपीत, म्हणजे पायऱ्यांच्या यादीत, ठेवले की उजवीकडे मराठी मजकूर लगेच उमटतो. काही दुवे दोनदा एन्कोड झालेले, म्हणजे टक्केचिन्हांच्या रूपात दोनदा बदललेले असतात: आधीच्या टक्केचिन्हाचेच पुन्हा ‘%२५’ झालेले असते. अशा वेळी तेच ऑपरेशन रेसिपीत दोनदा ठेवावे; गाठ पायरीपायरीने सुटताना दिसते, ही सोय एका बटणाच्या साध्या संकेतस्थळांवर सहसा मिळत नाही.

मात्र एक बाब प्रत्येक वापरकर्त्याने जाणून घ्यावी. दुवा अक्षराच्या मध्येच तुटलेला असेल, म्हणजे तीन बाइटांपैकी दोनच उरले असतील, तर हे साधन चूक दाखवत नाही. ते जुन्या पद्धतीकडे वळते, प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजते आणि मराठीच्या जागी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ देते. शंभर दुवे एकत्र चिकटवले आणि त्यांतला एकच तुटका निघाला, तरी संपूर्ण यादी अशी बिघडते. यावर उपाय साधनातच आहे: रेसिपीच्या आरंभी ‘फोर्क’ ठेवल्यास प्रत्येक ओळ वेगळी हाताळली जाते आणि बिघाड तुटक्या दुव्यापुरताच राहतो. चूक स्पष्ट सांगितली गेली असती तर अधिक बरे झाले असते, असे माझे मत आहे.

एन्कोड करताना अधिक विचार लागतो. ‘सर्व विशेष चिन्हे एन्कोड करा’ अशा अर्थाची चौकट रिकामी ठेवली, तर ‘&’, ‘?’, ‘#’ ही चिन्हे तशीच राहतात; पूर्ण पत्त्यासाठी हे योग्य, पण ‘शेती & पाणी’ असा शोधशब्द दिल्यास सर्व्हर ‘&’ पाशी शब्द तोडतो आणि केवळ शेतीचा शोध घेतो. चौकटीत खूण केली तर ‘&’ चे ‘%२६’ होते, परंतु संयोगचिन्ह, टिंब आणि अधोरेषाही बदलतात. वास्तविक वेबपत्त्यांची रचना ठरवणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या प्रमाणकानुसार ही चिन्हे तशीच ठेवावीत. बदलली तरी अर्थ तोच राहतो, पण पत्ता विनाकारण लांबतो. मधला पर्याय दिलेला नाही, ही मला खरी उणीव वाटते. म्हणून मी केवळ शोधशब्द वेगळा काढून खूण केलेल्या चौकटीने एन्कोड करतो आणि मग तो मूळ पत्त्यात हाताने बसवतो.