आधी कुठे जावं: त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी, शाळेत की पोलिसांत?

सहावी-सातवीतल्या लेकराला वर्गातली दोन-तीन पोरं रोज घेरतात, किंवा त्याच्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर फिरवतात, हे कळलं की अनेक पालक त्याच संध्याकाळी त्रास देणाऱ्या मुलाचं घर गाठतात. सोलापुरात विडी घरकुल असो की जुळे सोलापूर, पत्ता सापडायला वेळ लागत नाही. पण तिन्ही वाटांमध्ये हीच सर्वांत लवकर बिघडते. दारात येऊन कुणी आपल्या मुलाची तक्रार केली की आईबाप त्याची बाजू घेतात, शेजारी गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘पप्पांना घेऊन आला’ हे नवं चिडवणं सुरू होतं. दोन्ही घरांची आधीपासून चांगली ओळख असेल आणि प्रकार पहिल्यांदाच घडला असेल, तरच ही वाट धरावी. जाताना मुलाला सोबत नेऊ नये.

बहुतेक प्रकरणांत आधी शाळाच गाठावी, आणि तीही लेखी अर्ज घेऊन. बाक बदलणं, मधल्या सुट्टीत नळापाशी आणि स्वच्छतागृहाजवळ शिक्षक उभे करणं, रिक्षावाल्या काकांना मुलं वेगळी बसवायला सांगणं ही कामं शाळाच करू शकते, पोलीस नाही. तोंडी तक्रार मात्र ‘बघतो’वर थांबते. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. अर्जात तारीख, तास, जागा, मुलांची नावं, कुणी पाहिलं आणि नेमके शब्द लिहा. नेमके शब्द सोलापुरात फार महत्त्वाचे आहेत. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या मराठीची रोज नक्कल होते, तेव्हा ती शिक्षकांनाही मस्करी वाटते. तेच वाक्य आठवड्यात चार वेळा कागदावर दिसलं की वाटत नाही. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: काय बदलणार आणि पुन्हा कधी भेटायचं.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा फक्त कॉलेजपुरता आहे असा समज आहे. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या व्यापक आहे, शिकवणीचे क्लासही त्यात येतात, आणि चिडवणं, धमकावणं हेही त्यात रॅगिंगच आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते. अर्जात या कायद्याचा उल्लेख केला तर टाळाटाळ कमी होते. मात्र तथ्य आढळलं तर त्यात विद्यार्थ्याला निलंबित करण्याची तरतूद आहे, म्हणून पहिल्याच अर्जात हे शस्त्र काढू नये. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. समितीत कोण आहे ते विचारून घ्या.

शाळेची वाट हमखास फसते ती एका ठिकाणी: दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणणं. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर हे चालतं. इथे एकाची ताकद किंवा टोळी मोठी आहे. घाबरलेलं मूल तिथे ‘हो सर, मिटलं’ म्हणतं आणि मग कधीच तोंड उघडत नाही. दोघांशी वेगवेगळं बोलायला सांगा, आणि परिपाठात नाव न घेण्याची अटही घाला.

पोलिसांची वाट आधी कधी धरायची? अश्लील किंवा तसा बनवलेला फोटो, पैशांची मागणी, जिवाची धमकी, किंवा खोट्या नावाचं खातं असेल तेव्हा. खात्यामागे कोण आहे हे शाळेला शोधता येत नाही. ती माहिती पोलीसच कंपनीकडून मागवू शकतात. शहरात आयुक्तालय आणि बाहेर ग्रामीण पोलीस अशी हद्द आहे, पण हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात तो) नोंदवायला नाकारता येत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरूनही तक्रार करता येते. निनावी केली तर पुढे तिची प्रगती पाहता येत नाही, म्हणून शक्यतो नावाने करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांसाठी १०९८ हा चोवीस तास चालतो.

‘पोलिसांकडून अद्दल घडवू’ ही अपेक्षा मात्र ठेवू नका. त्रास देणारा १८ वर्षांखालचा असेल तर अतिशय गंभीर गुन्हा वगळता साधारणपणे एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पोक्सोनुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) माहिती असणाऱ्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे. तिथे मुख्याध्यापकांना ‘आपापसात मिटवा’ म्हणता येत नाही.

कुठलीही वाट धरली तरी पुरावा आधी, ब्लॉक नंतर. स्क्रीनशॉटमध्ये नंबर किंवा खात्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही जपा. स्नॅपचॅट स्क्रीनशॉटची सूचना समोरच्याला देतं, तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढा. मुलाचा अश्लील फोटो मात्र कुणालाही, शिक्षकांनाही, फॉरवर्ड करू नका. लिंक लिहून ठेवा आणि फोन पोलिसांना दाखवा. इन्स्टाग्रामवर वर्गातल्याच मुलाला ब्लॉक केलं तर ते त्याच्या लक्षात येतं आणि राग शाळेत निघतो. ‘रिस्ट्रिक्ट’ केलं तर सूचना जात नाही, आणि त्याची कमेंट तुम्ही मंजूर करेपर्यंत बाकीच्यांना दिसत नाही. अनोळखी खात्याला सरळ ब्लॉक करा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ याला ‘माझे संपर्क’ निवडा.

पुरावा गोळा झाल्यावरही मुलाचा फोन काढून घेऊ नका. अनेक घरांत फोन एकच आणि तोही आईचा असतो, त्यामुळे हा मोह मोठा असतो. सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच मिळते असं मुलाला वाटलं, तर पुढची धमकी ते लपवेल. आणि शाळेने काही बदल केले असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, पण वर्गाबद्दल नाही: रिक्षा, क्लास आणि ग्रुप यांबद्दल. वर्गात बंद झालेला त्रास बहुधा तिकडेच सरकलेला असतो.