जीएनएस३ची लॅब लॅपटॉपच्या नेटवर्कला जोडून काही महिने वापरल्यावर

जीएनएस३ या नेटवर्क एम्युलेटरमध्ये चार राउटर मांडून ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसांत रस्ते कळवण्याचा प्रोटोकॉल, चालवणं सोपं आहे. पण ती लॅब स्वतःपुरतीच बंद राहिली तर तिचा उपयोग परीक्षेच्या तयारीपुरताच. माझं काम ऑटोमेशनचं आहे. अ‍ॅन्सिबलची प्लेबुकं, म्हणजे उपकरणांना आपोआप कामं लावणाऱ्या फायली, लॅपटॉपवरून चालवायची, राउटरांचे लॉग लॅपटॉपवरच्या सिसलॉगमध्ये (लॉग गोळा करणाऱ्या सेवेत) घ्यायचे, लॅबमधल्या लिनक्स नोडला पॅकेज उतरवायला इंटरनेट द्यायचं. त्यासाठी लॅब आणि मशीन जोडलेली हवीत. उबंटूवर ही जोडणी मी गेले कित्येक महिने रोज वापरतोय आणि माझं मत पक्कं झालंय: ब्रिजच्या, म्हणजे लॅब आणि घरचं नेटवर्क एकच करून टाकण्याच्या, वाटेला जाऊ नका, दोन्ही वेगळी ठेवून राउटिंग करा.

बहुतेक जण क्लाउड नोड, म्हणजे लॅबला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा जीएनएस३चा घटक, आणतात आणि तो थेट लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डला जोडतात. ते चालत नाही, आणि दोष जीएनएस३चा नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या कार्डाच्या मॅक (हार्डवेअर) पत्त्यावरूनच फ्रेम घेतो. लॅबमधल्या राउटरचा मॅक वेगळा, त्यामुळे त्याची फ्रेम तिथेच टाकून दिली जाते. इथरनेटच्या वायरवर ब्रिज चालतो, पण मग लॅबमधला डीएचसीपी सर्व्हर घरातल्या फोन-टीव्हीलाही पत्ते वाटायला लागू शकतो. घरच्यांचं नेट आपल्या प्रयोगापायी बंद पडू नये.

म्हणून टॅप इंटरफेस, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं नेटवर्क कार्ड. लॅपटॉपवर टॅप० तयार करायचा, त्याला १७२.३०.०.१ हा पत्ता द्यायचा आणि क्लाउड नोडमध्ये तो निवडायचा. तो यादीत दिसत नसेल तर खास इंटरफेस दाखवण्याची टिक करावी लागते. लॅबच्या कडेच्या राउटरला १७२.३०.०.२. मालिका विचार करून निवडा. जिओफायबरच्या घरी १९२.१६८.२९ ची मालिका असते, ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये बहुधा १० ची, आणि कंटेनर चालवणारा डॉकर १७२.१७ पासून सुरू होतो. या तिन्हींना सहसा न भिडणारी म्हणून मी १७२.३० घेतली. हाताने केलेला टॅप मशीन रीस्टार्ट केल्यावर जातो, तेव्हा तो नेटवर्क मॅनेजरमध्ये कायमचा लिहून ठेवा.

यानंतर कडेच्या राउटरवरून लॅपटॉपला पिंग केला की एक टिंब (उत्तर नाही) आणि चार उद्गारचिन्हं (उत्तर आलं) येतात. पहिलं पॅकेट एआरपीत, म्हणजे समोरचा मॅक पत्ता शोधण्यात, जातं, काळजी नको. खरी गोम पुढे आहे. लॅबच्या आतल्या राउटरवरून पिंग केला की पाचही टिंबं! वायरशार्क (पॅकेटं बघायचं साधन) लावून बघितलं की सगळं उघड होतं: टॅप०वर विनंती येते, लॅपटॉप उत्तरही देतो, पण ते उत्तर वाय-फायच्या गेटवेकडे निघून जातं, कारण आतल्या मालिकेचा रस्ता लॅपटॉपला माहीतच नसतो. १७२.३०.०.० चं सोळा बिटांचं नेटवर्क १७२.३०.०.२ कडे, असा एक स्टॅटिक रूट टाकला की काम होतं. ‘क्लाउड चालत नाही’ अशी तक्रार मी जेव्हा जेव्हा बघितली, तेव्हा बहुतेक वेळा परतीचा रस्ताच गायब होता.

लॅबला इंटरनेट द्यायचं तर लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग चालू करून वाय-फायवर मास्करेडचा, म्हणजे लॅबची पॅकेटं लॅपटॉपच्या पत्त्यावरून पाठवण्याचा, नियम लावायचा. मशीनवर डॉकर असेल तर आयपीटेबल्स (लिनक्सचे फायरवॉल नियम) आधीच तपासा. डॉकर फॉरवर्ड साखळीचं धोरण ड्रॉप करून ठेवतो. त्यामुळे लॅपटॉपपर्यंत पिंग जातो, पण पुढे काहीच जात नाही. टॅप०ला परवानगी देणारा नियम डॉकर-यूजर साखळीत घातला की मोकळं.

नुसतं इंटरनेट हवं असेल तर एवढं करायची गरज नाही, जीएनएस३चा तयार नॅट नोड आणा. तो १९२.१६८.१२२ मालिकेतला पत्ता आपोआप देतो. फक्त घरातल्या दुसऱ्या मशीनवरून लॅबमध्ये शिरता येत नाही.

विंडोजवर टॅपऐवजी मायक्रोसॉफ्टचा लूपबॅक अडॅप्टर घालावा लागतो. इंटरनेट शेअरिंग चालू केलं की तो १९२.१६८.१३७.१ पत्ता घेतो. विंडोजचं फायरवॉल पिंग अडवतं, तेव्हा पिंग आला नाही म्हणून जोडणी तुटली असं धरू नका. जीएनएस३ व्हीएम (लॅब चालवणारी व्हर्च्युअल मशीन) वापरत असाल तर क्लाउड नोड कोणत्या सर्व्हरवर ठेवताय ते बघा: व्हीएमवर ठेवला तर यादीत व्हीएमची कार्डं दिसतील, लॅपटॉपची नाहीत.

डायनामिप्सवरच्या (सिस्को राउटरच्या एम्युलेटरवरच्या) ३७२५ सारख्या जुन्या राउटरांना आजचा एसएसएच सरळ जोडला जात नाही, कारण जुनी की-देवाणघेवाण ओपनएसएसएचने २०१५ च्या ७.० आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलीय. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त लॅबच्या मालिकेपुरती ती चालू करा, सगळीकडे नको. आयडल-पीसी (रिकाम्या वेळी प्रोसेसरवरचा ताण घटवणारं मूल्य) न बसवता राउटर चालू केले की पंखा ओरडायला लागतो, आणि बँडविड्थ मोजायची ही जागा नव्हेच.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. स्टॅटिक रूट काढून लॅपटॉपवर एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर बसवलं आणि टॅप०वर ओएसपीएफ चालू केलं. हॅलो पॅकेटं गेली, शेजारी ‘फुल’ झाला आणि लॅबमधले सगळे रूट लॅपटॉपच्या टेबलात आपोआप उतरले. आता आत नवा राउटर जोडला की त्याचा रस्ता हाताने लिहावा लागत नाही, प्लेबुक थेट त्याच्यापर्यंत पोचतं.