लिबरऑफिस रायटरमधलं मराठी स्पेलचेक : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुद्रितं तपासताना लाल नागमोडी रेघेचा फार आधार वाटतो, पण ती रेघ योग्य शब्दाखाली आली तरच. माझ्याकडे आलेल्या संगणकावर रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये, मराठी फाइल उघडली की ‘आहे’, ‘नाही’, ‘म्हणून’ सगळ्यांखाली लाल. शब्द बरोबर होते, फक्त त्यांची तपासणी हिंदी कोशातून चालली होती.

मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे रायटर अक्षरं पाहून भाषा ठरवत नाही. मजकुराला भाषेची न दिसणारी खूण चिकटलेली असते आणि तपासणी तिच्याप्रमाणे होते. विंडोजमध्ये हिंदीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना) कीबोर्ड निवडून मराठी टाइप केलं, तर त्या मराठीलाही हिंदीची खूण लागू शकते. दुसऱ्याच्या फाइलीतून उचललेला परिच्छेद आपली खूण सोबत घेऊन येतो.

उपाय सोपा आहे, मात्र तो सगळीकडे करावा लागतो. विंडोजमध्ये हिंदीऐवजी मराठी कीबोर्ड जोडला. रायटरच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा मराठी केली. अक्षरं जोडून मांडावी लागणाऱ्या लिप्यांचा हा गट, देवनागरी त्यातच येते. वरच्या ‘वेस्टर्न’ रकान्यात काहीही बदललं तरी मराठी मजकुराला फरक पडत नाही, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. रायटर ज्या हनस्पेल प्रणालीने शुद्धलेखन तपासतो, तिचा मराठी कोश एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) म्हणून बसवला. जुन्या फाइलींसाठी टूल्स, लँग्वेज, ‘फॉर ऑल टेक्स्ट’मधून मराठी निवडली. पुस्तकात संस्कृत श्लोक असले तर त्यांना वेगळी कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरती ठरवलेली शैली) देऊन भाषा संस्कृत ठेवते.

एक सुखद गोष्ट अनपेक्षितपणे हाती लागली. काही फॉन्टांमध्ये मराठी आणि हिंदीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वेगवेगळी वळणं असतात आणि भाषेच्या खुणेनुसार ती बदलतात. खूण सुधारल्यावर त्या फॉन्टांत आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपोआप आला. छपाईच्या दृष्टीने मला हे स्पेलचेकइतकंच मोलाचं वाटतं.

आता कोशाबद्दल. ‘आणी’, ‘परंतू’ अशा नेहमीच्या चुका तो नेमक्या पकडतो. दमतो तो प्रत्ययांपाशी. ‘घर’ माहीत असलं तरी ‘घरासमोरच्यांनासुद्धा’पर्यंतची सगळी रूपं ओळखणं त्याला जमत नाही. गावांची आणि माणसांची नावं स्वतःच्या कोशात घालते, तरी ‘आंबेजोगाई’ घातल्यावर ‘आंबेजोगाईच्या’ पुन्हा लाल होतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही शब्द खरे, त्यामुळे तिथे डोळेच वापरावे लागतात.

लाल रेघांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती रेघ नसलेल्या पानाची. मजकुराची भाषा ‘नन’ (कोणतीही नाही) असेल किंवा त्या भाषेचा कोशच बसवलेला नसेल, तर काहीच तपासलं जात नाही आणि पान निर्दोष दिसतं. म्हणून खालच्या पट्टीवर भाषेचं नाव बघितल्याशिवाय कोणतंही पान मी पुढे पाठवत नाही.

भाषा बरोबर असूनही काही शब्द लाल राहतात, त्याचं कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असतं. ‘दुसऱ्या’तला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर हे चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘ॲ’चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र दिलेला सापडतो. कोशात एक जोडणी आणि फाइलीत दुसरी असली की बरोबर शब्दही चुकीचा ठरतो. अशा फाइलींत मी आधी फाइंड अँड रिप्लेसने जोडण्या एकसारख्या करून घेते आणि मगच स्पेलचेक सुरू करणारी एफ७ कळ दाबते.