शेतात पडलेली डबल डेकर: रूटमास्टर घ्यावी की लेलँड टायटन?

नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या डिझेल डबल डेकरची शेवटची फेरी होती, त्या दिवशी ते लोकल पकडून अंधेरीला गेले आणि बस नजरेआड होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांची मुलगी लग्नानंतर इंग्लंडला स्थायिक झाली आहे. तिने मध्यंतरी दोन बसचे फोटो पाठवले. एक लंडनची रूटमास्टर, छप्पर अर्धं कोसळलेल्या कोठारात उभी. दुसरी लेलँड टायटन पीडी३, उघड्या शेतात, खिडक्यांपर्यंत रान वाढलेलं. दोन्ही विकायला काढलेल्या. खाली एकच ओळ: "बाबा, यातली कुठली वाचवू?"

काका फोटो घेऊन माझ्याकडे आले, कारण माझं अर्धं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये लेलँडची इंजिनं खोलण्यात गेलं. आठवडाभर आम्ही दोघं त्यावर बसलो. ठाण्या-नवी मुंबईतली बरीच मुलं तिकडे आहेत, कुणाच्या तरी मनात हाच प्रश्न येईल, म्हणून आमचा हिशेब इथे मांडतो.

आधी रूटमास्टर. १९५४ मध्ये हिचा पहिला नमुना तयार झाला आणि १९६८ पर्यंत एकूण २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून ती ९ डिसेंबर २००५ ला निवृत्त झाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या परिवहन खात्याने हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं जोडण्याचं काम केलं होतं. तिथे हाताला बसलेली अॅल्युमिनियमची कारागिरी पुढे या बसमध्ये उतरली. हिला आपल्या ओळखीची लांबलचक चासी, म्हणजे बॉडीखालचा पोलादी सांगाडा, नाही. अॅल्युमिनियमची बॉडी हाच सांगाडा. पुढच्या बाजूला इंजिन आणि स्टीअरिंगची एक पोलादी चौकट, मागे अॅक्सलची दुसरी, आणि दोन्ही बॉडीला खालून बोल्टने जोडलेल्या. कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, नाहीत; कॉइल स्प्रिंग आहेत. पॉवर स्टीअरिंग आहे. क्लचचं पेडलच नाही. हे सगळं पन्नासच्या दशकात!

पीडी३ अगदी वेगळ्या घडणीची. १९५६ पासून १९६९ पर्यंत बनली. जाडजूड पोलादी चासी, त्यावर बसवलेली बॉडी, खाली कमानपाटे, पुढे ९.८ लिटरचं ओ.६०० डिझेल इंजिन. बहुतेक गाड्यांना क्लच आणि चार गिअर. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी सोय, नाही; तो हाताच्या अंदाजाने टाकावा लागतो. इंजिनाशेजारी ड्रायव्हरची एकट्याची केबिन. काकांनी फोटोतली केबिन बघितली आणि म्हणाले, "ही तर आपलीच." ते बरोबरच होतं. अशोक लेलँडने १९६७ मध्ये टायटन याच नावाने आपल्याकडची डबल डेकर आणली, ती याच घराण्यातली.

आता गंजाचं. वाचवायचं की नाही हे इथेच ठरतं, म्हणून इथे घाई करू नये.

अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून रूटमास्टर टिकते, असं सगळे सांगतात. पत्र्यापुरतं ते खरं आहे. पण जिथे अॅल्युमिनियम पोलादाला टेकतं आणि मधे ओल राहते, तिथे अॅल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. पांढरी भुकटी होते, रिव्हेट सैल पडतात, पत्रा फुगतो. म्हणून या गाडीचे फोटो मागवायचे तर वरच्या मजल्याचे नकोत. मागचा प्लॅटफॉर्म, त्याच्या खालची बाजू आणि दोन्ही पोलादी चौकटी जिथे बॉडीला जोडल्या आहेत त्या जागा, एवढे जवळून मागवावेत. चौकट सडली असेल तरी धीर सोडू नये. या बस मुळातच सुटे भाग अदलाबदल करता यावेत अशा बांधल्या होत्या. लंडनजवळच्या आल्डनहॅम वर्कशॉपमध्ये बॉडी उचलून बाजूला ठेवत आणि ओव्हरहॉलनंतर ज्या चौकटी तयार असतील त्यांवर बसवत. ते वर्कशॉप १९८६ मध्ये बंद झालं. त्यामुळे बाहेरच्या पाटीवरचा नंबर आणि आतली बॉडी कारखान्यातून एकत्र बाहेर पडल्या असतीलच असं नाही. अस्सलपणावरून जास्त पैसे मागणाऱ्याला हे जरूर ऐकवावं.

पीडी३ ची चासी सहसा दगा देत नाही. वर गंज दिसला तरी आत जाड लोखंड असतं. तिचा धोका बॉडीत आहे. प्रत्येक गावाच्या बससेवेने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून बॉडी बांधून घेतली, त्यामुळे एका गाडीचा खांब दुसरीला लागेलच असं नाही. काही बॉडी पोलादी सांगाड्याच्या, काही लाकडी. लीड्सचा रो नावाचा कारखाना तर सागवानी सांगाड्यासाठी प्रसिद्ध होता. लाकडी असेल तर खिडकीखालच्या खांबात टोच्या घालून बघायला सांगा. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर वरचा मजला केवळ पत्र्याच्या आधारावर उभा आहे असं समजायचं. अशी बस उचलून ट्रेलरवर घेतानाच कमरेत मोडू शकते. तरीही आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सुताराला विचारा, सडलेला सागवानी खांब काढून नवा घालणं हे त्याच्या हातचं काम आहे. रिव्हेट मारलेल्या अॅल्युमिनियमचं तसं नाही.

इंजिनाच्या बाबतीत माझीच चूक होणार होती. मी काकांना सांगितलं, जाम असलं तरी चिंता नको, डिझेल सोडून ठेवू आणि हळूहळू फिरवू. ठाण्यात एवढं पुरतं. इंग्लंडात नाही पुरत. तिथल्या हिवाळ्यात इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साधं पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि ओतीव लोखंड तडकतं. आपल्या हवेत हा आजारच नाही, म्हणून आपल्या डोक्यात येत नाही. मुलीला सांगून ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवले, आणि आडवी, गंजाची रेघ दिसते का ते बघितलं. पीडी३ वर दिसली नाही. रूटमास्टरची एक बाजू कोठाराच्या भिंतीला चिकटलेली, तिथे फोन पोचला नाही.

सुट्या भागांत मात्र रूटमास्टर सरळ पुढे आहे. हजारावर गाड्या अजून शिल्लक आहेत, मालकांच्या संघटना आहेत, खिडकीच्या रबरापासून सीटच्या कापडापर्यंत माल नवा बनवून मिळतो. पीडी३ चं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळतील, बॉडीचं बरंचसं हाताने घडवावं लागेल. दोन्हींत ब्रेक लायनिंगमध्ये आणि इंजिनाभोवतीच्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते स्वतः खरवडू नये. तिथल्या परवानाधारक माणसाकडून काढून घ्यावं, आणि हा खर्च खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावा.

इथे आणायची का?

काकांच्या मनात हे होतंच. घोडबंदर रोडवर कुठेतरी शेड घ्यायची, रविवारी बस बाहेर काढायची. मी स्पष्ट नको म्हटलं, आणि वाईट वाटलं तरी अजून तेच म्हणतो.

पहिली गोष्ट आकाराची. रूटमास्टर ८.४ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि ४.३८ मीटर उंच. कंटेनर आतून २.३५ मीटर रुंद असतो आणि उंच प्रकारचा घेतला तरी दार अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे कंटेनरचा प्रश्नच मिटला; गाड्या चालवत चढवतात तशा जहाजातून किंवा उघड्या फलाटावर बांधून, जास्तीचं भाडं देऊन आणावी लागेल. पीडी३ तर आणखी लांब, नऊ मीटरच्या वर.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्याकडे वापरलेलं वाहन आयात करायचं तर सर्वसाधारण नियमाने ते तीन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही. व्हिंटेज वाहनांची वाट वेगळी आहे, पण ती छंदाच्या खाजगी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. साठ-सत्तर आसनांची प्रवासी बस यात बसवायला निघालात, तर न्हावा शेवाच्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक पौंडही देऊ नका.

आणि तिसरी गोष्ट पावसाची. वागळे इस्टेटमध्ये मी एकदा जुन्या लेलँड ट्रकची चासी घेतली होती, हौसेने. शेड मिळेपर्यंत ताडपत्रीखाली ठेवली. एकाच पावसाळ्यात ताडपत्री फाटली, खाडीच्या दमट हवेने केबिनचे खालचे पत्रे खाल्ले आणि दिवाळीनंतर मी ती किलोच्या भावाने दिली. त्या गाडीची आठवण अजून टोचते. तेव्हापासून कुणीही जुनी गाडी घेतो म्हटलं की माझा पहिला प्रश्न छपराचा असतो, किमतीचा नंतर.

तिकडे ठेवली तर गाडी चालते, हा मोठा फरक. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या वाहनाला ऐतिहासिक म्हणून रस्ता कर माफ होतो. तीस वर्षांपेक्षा जुनी बस, भाडं न घेता आणि आठपेक्षा जास्त प्रवासी न बसवता, एकवीस वर्षांवरच्या माणसाला साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे काकांची मुलगी ती चालवू शकते. काका नाहीत: पाहुण्याच्या भारतीय लायसन्सवर तिथे छोट्याच गाड्या चालतात. खाजगी आवारात मात्र त्यांना कुणी अडवणार नाही. आणि अशा बसना तिकडे जायला जागा आहेत. ब्रुकलँड्सला लंडन बस म्युझियम आहे. विल्टशायरमधलं इंबर गाव १९४३ मध्ये सैन्याच्या सरावासाठी रिकामं केलं गेलं, ते आजही ओसच आहे. २००९ पासून तिथे वर्षातून एक दिवस जुन्या बसची सेवा चालवतात.

तर आमचा कौल पीडी३ ला. रूटमास्टर सोपी पडेल, भाग मिळतील, पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही लवकर मिळेल. ज्याच्या घरात हत्यार धरणारं कुणी नाही आणि सगळं काम पैसे देऊन करून घ्यायचं आहे, त्याने खुशाल तीच घ्यावी. पण तिला वाचवणारे खूप आहेत. एखाद्या छोट्या गावासाठी बांधलेली पीडी३ गेली, तर त्या घडणीची बॉडी पुन्हा बघायला मिळेलच असं नाही. शिवाय कमानपाटे, क्लच, ओ.६०० हे सगळं काकांच्या हाताला आणि माझ्या कानाला ठाऊक आहे. व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलं ते आम्ही नौपाड्यातून सांगू शकतो. अट एकच घातली: तिचा सांगाडा लाकडी निघाला तर टोच्याची परीक्षा आधी, पैसे नंतर.

सांगाडा पोलादी निघाला. आता गाडी हलवायची. ती टोचन करून न्यायची नाही, लो-बेड ट्रेलरवरच. तिथल्या ज्या पुलांवर उंचीची पाटी नसते त्यांखाली निदान ५.०३ मीटर मोकळे असतात, आणि साडेचौदा फुटांची बस ट्रेलरवर चढली की जवळपास तेवढीच होते. म्हणून रस्ता आधी पुलापुलाने मोजून घ्यायला सांगितलं आहे.

छप्पर तिने शोधलं, घरापासून वीस मिनिटांवर, एका शेतकऱ्याचं कोठार. कोरडं आहे, जमीन काँक्रीटची आहे. दार चौदा फुटांचं आहे. टायरमधली हवा कमी केली तर दोन-तीन इंच मिळतील असं काकांचं म्हणणं. उरलेल्यासाठी दारातलं काँक्रीट थोडं खोदू द्याल का, हे ती येत्या रविवारी त्या शेतकऱ्याला विचारणार आहे.