काळ्या रंगाखालचा एक्सल

घरच्या घरी गाडी खोलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. खोलताना मी कुठे चुकलो नाही, चुकलो ते सुटा भाग विकत घेताना.

गाडी जुनी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी. ही ताकद गिअरबॉक्सकडून चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे एक्सल, आणि चाक वळलं तरी तो फिरता ठेवणारा त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट. डाव्या चाकाकडच्या सीव्ही जॉइंटचा ग्रीस आत धरणारा रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडाले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवून पाहिली, कट-कट आवाज अजिबात नव्हता. म्हणजे जॉइंट शाबूत होता. साफ करून नवं ग्रीस आणि नवा बूट, एवढंच काम होतं. पण आता खोलतोच आहोत तर पूर्ण एक्सलच बदलून टाकू, अशी दुर्बुद्धी सुचली.

चाक जमिनीवर असतानाच एक्सलचं नट ढिलं केलं. त्याची आत ठोकलेली कड आधी छिन्नीने उचलली, घरातल्या एकाला ब्रेकवर पाय दाबून बसवलं आणि पान्याच्या दांड्याला पाइप लावला. मग गाडी स्टँडवर घेतली, खालचा बॉल जॉइंट सोडवला, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढून एक्सलचं टोक मोकळं केलं. गिअरबॉक्सकडचं टोक टॉमीने उचकटलं तेव्हा आठवलं की गिअर ऑइल आधी काढायचं राहिलंय. ते थेट बाहीतून कोपरापर्यंत आलं. पुढे गोंधळ नको म्हणून जॉइंटच्या वाटीच्या कडेवर पंचने दोन ठिपके मारून ठेवले.

विक्रेता म्हणाला, “रीकंडिशन आहे साहेब, नव्यासारखा. जुना द्या आणि हा घेऊन जा.” दोन्ही शेजारी ठेवून लांबी आणि टोकांवरचे दाते जुळवावेत म्हणून वळलो, तोवर माझा एक्सल मागच्या ढिगाऱ्यात गेलाही होता. पावतीवर ‘एक्सल, 1 नग’, एवढंच. रीकंडिशन हा शब्द तोंडी होता, कागदावर नव्हता. या जॉइंटमध्ये आहे तरी काय, सहा गोळ्या, त्यांचा पिंजरा, आतलं कडं आणि बाहेरची वाटी. 1959 च्या मिनी मोटारीतही असाच जॉइंट होता. इतक्या साध्या वस्तूत कोण काय फसवणार, असं वाटलं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच दिसली होती. गिअरबॉक्सचं तेल अडवणारं ऑइल सील जिथे टेकतं तो गुळगुळीत पट्टासुद्धा काळ्या रंगाने माखला होता. त्या पट्ट्याला कोणी शहाणा माणूस रंग लावत नाही. ब्रश सरसकट फिरवणाराच लावतो. मी तो पट्टा पुसला आणि एक्सल नवं नट लावून बसवला.

आठवड्याभरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरायची, पाय उचलला की शांत. वळणावर कट-कट सुरू झाली आणि गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब दिसायला लागले. पुन्हा सगळं खोललं. बूट नवाकोरा, वरचं ग्रीसही ताजं, पण बोट खोल घातल्यावर काळं, वाळू मिसळल्यासारखं ग्रीस हाताला लागलं. रॉकेलने धुतल्यावर वाटीच्या खाचांमध्ये खड्डे दिसले, नख अडकेल एवढे. पिंजऱ्यात गोळ्या सैल हलत होत्या. दांड्यावरचा रंग नखाने सोलला तर खाली गंजाची साल. नवं काय होतं, तर दोन बूट, क्लिपा आणि रंग.

परत गेलो तर उत्तर तयारच होतं: “घरी बसवलात ना? हातोडीने ठोकला असेल.” घरी काम करणाऱ्याला हेच ऐकावं लागतं, आणि पावतीवर काही नसलं की बोलायलाही जागा उरत नाही. आता मी जुना भाग हातचा सोडत नाही. आधी शेजारी ठेवून लांबी मोजतो, दाते मोजतो, एबीएस ब्रेकच्या सेन्सरची दातेरी रिंग असेल तर तीही बघतो. बूटची एक क्लिप काढून आत बोट घालू द्या म्हणतो. नाही म्हणाले तर निघतो.

त्या दिवशी वाद घालताना मागे एका सळईला टांगून वाळत ठेवलेला एक्सल दिसला. काळा, ओला, नवे बूट घातलेला. सहज जवळ गेलो. वाटीच्या कडेवर, रंगाच्या थराखाली, शेजारी शेजारी दोन ठिपके होते.

तो मी पुन्हा पैसे मोजून घरी आणला.